नख अडतं तिथे

विश्राम गेले त्या सोमवारी माझी गाडी त्यांच्या गॅरेजात होती आणि आमच्यात अबोला होता. अबोला तसा माझ्याच बाजूने, आणि त्याचं वय दीड दिवसाचं. सकाळी मी चहा ठेवला होता आणि मनातल्या मनात वाक्य जुळवत होते... दुपारी गॅरेजात जायचं आणि म्हणायचं, "अहो विश्राम, परवा मी जरा जास्तच बोलले." एवढंच. तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर माणसाला याहून लांब माफी मागता येत नाही. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, मानसीचा फोन आला. "बाई, बाबा पहाटे गेले हो... छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, पण..." चहा उतू गेला, गॅस विझला, आणि मी जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. आज पाच आठवडे झाले. ते अजून तसंच आहे.

विश्राम माझे कोण, असं कुणी विचारलं तर सांगायला नातं नाही. ते गाड्या दुरुस्त करायचे आणि मी त्यांच्याकडे गाडी न्यायचे. भाट्याच्या रस्त्याला उतारावर पत्र्याची शेड, पुढे थोडी मोकळी जागा, एक फणसाचं झाड, बस्स. चौदा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले तेव्हा त्यांची गाडी आठ महिने आमच्या अंगणात नुसती उभी होती. लांज्याला माझी आई एकटी. दर पंधरवड्याला एसटीने जाऊन येऊन मी थकले आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकायचं ठरवलं. गाडी बाहेर काढायची म्हणून कुणीतरी विश्रामना घरी आणलं. पुढच्या चाकांच्या आत ब्रेकची डिस्क असते, चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती. दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. हे सगळं मला त्यांनी त्या दिवशी अंगणात उकिडवं बसून शिकवलं. डिस्क गंजून पार लालभडक झालेल्या पाहून मी म्हटलं, "सगळं नवीन टाका, उगाच धोका नको." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात गृहपाठ न करता आलेल्या मुलीकडे पाहते. "बाई, दर्याची हवा हाय. लोखंड तांबारणारच. जरा चालवून तर बगू." मला मागच्या सीटवर बसवून ते भाट्याच्या पुलापर्यंत गेले आणि आले, मध्ये दहा-बारा वेळा ब्रेक मारला. परत आल्यावर डिस्क दाखवली. लख्ख! "जा झिजला नाय, ता कशाला टाकायचा?" म्हणाले, आणि फक्त हवा भरून निघून गेले.

पुढे त्यांची एक पद्धत मला कळली, जी मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिली नाही. पॅड झिजले की चाक काढायचं आणि गिऱ्हाइकाला हाक मारायची. "या, नख लावा." डिस्कचा जो भाग पॅडखाली येतो तो झिजत जातो आणि अगदी बाहेरची कड मात्र तशीच राहते, उंबरठ्यासारखी. आतून बाहेर नख ओढत न्यायचं. कडेला ते किती अडतं, त्यावरून गिऱ्हाइकाने आधी आपलं मत सांगायचं. मग ते मापाने मोजायचे, डिस्कवर कोरलेला आकडा दाखवायचे आणि निकाल द्यायचे. शहरातले डॉक्टर असोत की मासळीच्या टेम्पोवाल्या बायका, नख सगळ्यांनी लावायचं. "माज्यावर भरवसो नको, नखावर ठेवा," म्हणायचे. निघालेला जुना भाग गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा हाही नियम. त्यामुळे आमच्या भागात कितीतरी घरांत जुन्या डिस्क सापडतील. कुणी ती आंब्याच्या बागेत टांगली आहे, माकडं आली की बडवायला. कुणी लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवली आहे. माझ्या गाडीचे पॅड यापूर्वी दोनदा बदलले, आणि दोन्ही वेळा मी हौसेने म्हटलं की डिस्कही बदलून टाका. दोन्ही वेळा नख जेमतेम अडलं आणि विश्राम म्हणाले, "अजून जीव हाय. नुसते पॅड."

मानसी माझी विद्यार्थिनी. भूगोलात कच्ची, नकाशात वाशिष्ठी शोधायला सांगितली तर हात थेट गोदावरीवर. पुढे ती आयटीआयला गेली आणि बापाच्या शेजारी कामाला उभी राहिली, तेव्हा मी विश्रामना गमतीने म्हटलं, "बघा हं, गाडी लांज्याला पाठवाल तर नाशिकला पोचेल." ते खूप हसले होते. एरवी फारसे हसत नसत. आमची मैत्री अशीच, तुटक. सहा महिन्यांतून एकदा भेट, फणसाखाली खुर्ची, कोरा चहा, आणि त्यांच्या बायकोने, सुनंदावहिनींनी आणून ठेवलेली आंबोळी. माझी आई गेली तेव्हा लांज्याला न सांगता आलेल्या माणसांत विश्राम होते. मागे उभे राहिले, कुणाशी बोलले नाहीत, परतताना माझ्या गाडीच्या चारही चाकांची हवा तपासली आणि गेले.

आता त्या शनिवारबद्दल. मला ते लिहायलाच हवं, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. कोल्हापूरला माझ्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं होतं आणि पुढच्या आठवड्यात मला आंबा घाटाने जायचं होतं. ब्रेक मारताना आवाज येत होता, म्हणून गाडी घेऊन गेले. त्याच सकाळी वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याने एक नवा भाग माझ्या गळ्यात मारला होता आणि मशीन तरीही बंद पडलं होतं. डोकं आधीच तापलेलं. विश्रामनी चाक काढलं, हाक मारली. मी नख लावलं. ते कडेला चांगलंच अडलं, अगदी टक्कन आवाज झाला. खरं तर तिथेच मला कळलं होतं. पण मी म्हटलं, "फार काही नाही. नुसते पॅड टाका."

"नाय बाई. याखेपेस डिस्कपण. दोन्ही बाजूच्या. माप गेलाय बगा."

"दोन वेळा तुम्हीच नको म्हणालात की!"

"तवा जीव होता. आता पातळ झालीय. घाट उतरताना तापली की वाकडी व्हईल, मग पाय दाबलात तरी गाडी लवकर थांबायची नाय. नवे पॅडपण फुकट जातील."

आणि मी म्हटलं, "म्हणजे तुम्हालाही आता नवा माल खपवायची सवय लागली म्हणायची."

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तीस वर्षं समोर गप्प बसणारी मुलं मिळाली, त्यामुळे तिला तर लगामही नाही. मशीनवाल्यावरचा राग मी विश्रामवर काढला, वड्याचं तेल वांग्यावर. त्यांनी हातातलं फडकं घडी करून बॉनेटवर ठेवलं. रागावले नाहीत. नुसतं विचारलं, "नवीन नको ना तुमका?" मी म्हटलं, "नको." "बरा." मग त्यांनी स्वतः रिक्षा थांबवून मला बसवून दिलं. मी मागे वळून पाहिलं नाही.

तेरावं झाल्यावर मी गाडी आणायला गेले. कोल्हापूरला मी रेल्वेने, मग बसने, कसंतरी फिरून जाऊन आले होते. ऑपरेशन नीट झालं. मनात धरून गेले होते की गाडी अजून चाक काढलेल्या अवस्थेत जॅकवर असेल. पण ती चारही चाकांवर उभी होती, धुतलेली. आणि तिच्या शेजारी विश्रामची स्वतःची गाडी, माझ्याच मॉडेलची, रंगाने पांढरी, पुढून जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवलेली. पुढची दोन्ही चाकं बाजूला टेकवलेली, आणि चाकांच्या जागी काहीच नाही. मानसी बाहेर आली. मी विचारलं, "हे काय गं?"

तिने हात फडक्याला पुसले. मग म्हणाली, "बाई, रविवारी सुटी असून बाबा दिवसभर इथंच होते. आमच्या गाडीच्या डिस्क गेल्या वर्षीच नवीन टाकलेल्या. त्या काढून तुमच्या गाडीला घातल्या. मी म्हटलं, आपल्या कशाला, सोमवारी कोल्हापुरातनं मागवू. तर म्हणाले, बाईंका नवीन नको हायत ना, मग जुन्याच घालतंय. मोजल्या, नख लावलं, नव्या पॅडसकट बसवल्या, भाट्याच्या पुलापर्यंत चालवून आणली. म्हणाले, आता घाट उतरूदे."

मी फणसाखालच्या खुर्चीवर बसले. सुनंदावहिनींनी पाणी आणून दिलं. माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला. मला जे विचारायचं होतं ते विचारायची हिंमत होत नव्हती, पण न विचारता उठणंही शक्य नव्हतं. "मानसी, सोमवारी पहाटे... त्यांना न्यायला तुमची गाडी नव्हती?"

"रिक्षा लगेच आली, बाई," ती म्हणाली. "दहा मिनिटं पण लागली नाहीत. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता. गाडी असती तरी तेच झालं असतं." आणि मग माझ्याकडे पाहून पुन्हा, "खरंच तेच झालं असतं."

ती खरं बोलत असेल. डॉक्टर तसं म्हणालेही असतील. पण माझी गाडी तिथे दारात चारही चाकांवर तयार उभी होती हे मला दिसत होतं, आणि तिलाही दिसलं असणार. त्या घाबरलेल्या घाईत दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचं तिच्या मनात आलं नसेल. किंवा आलं असेल, आणि ज्या बाईंनी शनिवारी बापाचा अपमान केला त्यांची किल्ली घ्यावीशी वाटली नसेल. हे मी तिला विचारलं नाही, विचारणारही नाही. उत्तर काहीही असलं तरी ते मला आयुष्यभर सोबत ठेवावं लागणार आहे. विश्राम, मी तुमच्यावर संशय घेतला आणि तुम्ही स्वतःच्या गाडीचे ब्रेक काढून माझ्या पायाखाली दिलेत. मला क्षमा करा. एवढं वाक्य लिहायला मला पाच आठवडे लागले.

त्यानंतर एवढंच केलं, की विश्रामच्या गाडीसाठी नव्या डिस्क मी स्वतः कोल्हापूरहून आणल्या. मानसीने त्या बसवल्या. बसवण्याआधी तिने सवयीने मला हाक मारली, "बाई, नख लावा." मी लावलं. कोऱ्या लोखंडावरून ते सरळ बाहेर गेलं, कुठेही अडलं नाही. चिरे काढले, गाडी जमिनीला टेकली. पुलापर्यंतची फेरी मानसीने मारली, मी मागच्या सीटवर बसले.

माझ्या गाडीच्या डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन जड वस्तू होत्या. जुना माल गिऱ्हाइकाच्या हातात, हा नियम त्यांनी भांडणानंतरही मोडला नव्हता. त्यातली एक डिस्क आता माझ्या दारामागे, गाडीच्या किल्लीच्या खिळ्याखाली ठेवलेली असते. बाहेर पडताना किल्ली काढते, वाकते आणि आतून बाहेर नख ओढते. कडेला ते अडतं. चांगलंच अडतं... त्या शनिवारी अडलं होतं तितकंच. "हो विश्राम, बदलायला हवी," असं मी म्हणते, आणि मग दार उघडते.