मंदारच्या डब्यातला राम

दिवसभर ऑफिसात जगाचे बिघाड निस्तरणाऱ्या माणसांनी घरचा कॉम्प्युटर उघडला की किस्से आपोआप साठतात. एक सांगून होत नाही तोवर त्याच्या डोक्यावर दुसरा येऊन बसतो. इथे कानडी मुलखात, बेळ्ळंदूरला आमचं तसंच झालं. मी पुण्याचा, बसू बेळगावचा आणि कॉम्प्युटर मंदारचा.

मंदारने तो पहिल्या नोकरीत असताना गेम खेळायला घेतलेला. भलंमोठं कॅबिनेट, एका बाजूला काच. आता नवा गेम लावला की शत्रू आधी गोळी घालायचा आणि मग स्क्रीनवर दिसायचा. शेवटी मंदारच्या बायकोने, श्रद्धाने, मुदतच दिली.

"गणपतीच्या आत नीट झाला तर राहू दे, नाहीतर भंगारात. तसाही त्या डब्यात काही राम उरलेला नाही."

"म्हणून तर रॅम वाढवतोय," मंदार म्हणाला.

*

जुन्या मदरबोर्डाला नवा प्रोसेसर ओळखू यावा म्हणून आधी बोर्डाचं अपडेट करायचं होतं. मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा बाद. आणि आमच्याकडे वीज जायला कारण लागत नाही.

आम्ही तिघं श्वास रोखून बसलेलो. आतून श्रद्धाने विचारलं, "मिक्सर लावू का?"

"नको!" तिघंही एका सुरात.

थोड्या वेळाने ती दारात आली आणि हळूच म्हणाली, "झाली का सुटका बाळंतिणीची? मला चटणी वाटायचीय."

*

प्रोसेसरवर थंडाव्यासाठी पेस्ट लावतात. व्हिडिओतला माणूस म्हणाला, वाटाण्याएवढी लावा.

"ओला वाटाणा की वाळलेला?" बसूला शंका आली. झालं, तिघा इंजिनिअरांची मीटिंग सुरू. मी ओल्याच्या बाजूने, मंदार वाळलेल्याच्या.

श्रद्धाने स्वयंपाकघरातून विचारलं, "भिजवलेले पण आहेत, उद्याच्या उसळीचे. देऊ?"

*

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, गेम लावला. परत तेच, गोळी आधी आणि शत्रू नंतर. मंदारचा चेहरा पाहवेना. मी गेमला दोष दिला, बसूने ड्रायव्हरला. मंदार भंगारवाल्याचा नंबर शोधायला लागला.

बसूने सहज कॅबिनेटच्या मागे डोकावलं. मॉनिटरची वायर अजून बोर्डाच्या जुन्याच सॉकेटमध्ये. नवं कार्ड बिचारं नुसताच पंखा फिरवत बसलेलं.

"काय करायलास मर्दा," बसू म्हणाला, "जावयाला बोलावलंस आणि जिन्यातच बसवलंस की."

वायर बदलली. गेम असा पळाला की मंदारने आम्हा दोघांना मिठी मारली. मलाही फार बरं वाटलं.

*

गणपतीच्या आदल्या दिवशी कळलं, मंदार लाइटची माळ आणायला विसरलाय. श्रद्धा इतकी गप्प झाली की आम्हाला घरी जावंसं वाटलं. नव्या रॅमच्या दोन्ही पट्ट्यांना रंगीत दिवे होते. मंदारने घाबरत घाबरत कॅबिनेट मूर्तीमागे ठेवलं, काच पुढे केली आणि वर जास्वंदीचा हार घातला.

दुसऱ्या दिवशी आरतीला शहराच्या जुन्या भागातल्या, बसवनगुडीच्या अक्का आल्या. श्रद्धाच्या लांबच्या मावशी, तीन पिढ्या इथल्याच. मूर्तीवर निळा-जांभळा उजेड बघून म्हणाल्या, "भारी दिसतंय की गं. लाइटिंग चिकपेटच्या बाजारातलं काय?"

श्रद्धाने निरांजन खाली ठेवलं आणि काचेतून आत डोकावून पाहिलं.

"मंदार, या दोन पट्ट्यांच्या शेजारी दोन जागा रिकाम्या का रे? डावीकडे अंधार वाटतोय."