अंगठ्यातली सुई

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आधी मामांचं नाव घेतो. माझे मामा नाचणगावला शिंपीकाम करतात. आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीपासून मी त्यांच्याकडे राहिलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. शिलाई मशीनशेजारी बसून मी मोठ्यानं वाचायचो आणि मामा अनवाणी पायांनी पायडल मारत ऐकायचे. अवघड भाग आला की त्यांचा पाय थांबायचा.

"समजलं का तुले? मले तर नाई समजलं. पुन्हा वाच."

माझे शाळेचे शर्टही तेच शिवायचे आणि शिवणीत भरपूर मार्जिन ठेवायचे. दरवर्षी थोडं उसवलं की शर्ट माझ्यासोबत वाढायचा.

मी आता यवतमाळला नोकरी करतो. गेल्या पावसाळ्यात मामीचा फोन आला.

"भासेबुवा, तुमच्या मामाचं काही खरं नाई. अंगठा टमाट्यासारखा सुजला, पण दवाखान्यात चला म्हटलं तर नाई म्हणते. मशीन बंद हाये. अन् काल मले सांगत होते, कोणाचं कोणतं कापड कुठं ठेवलं थे. असं काऊन सांगते माणूस?"

मी पहिल्या बसनं निघालो. मामा बाजेवर पाय उंच ठेवून बसले होते. उजव्या पायाचा अंगठा लाल, चमकदार झाला होता. त्यावर धोतराचा सोगासुद्धा टेकू देत नव्हते. मी हट्टच धरला, तेव्हा कसेबसे वर्ध्याला यायला तयार झाले.

बसमध्ये मामी पुढच्या सीटवर बसली. तेव्हा मामा माझ्या कानाशी आले.

"तुले सांगतो, मामीले सांगू नको. उन्हाळ्यात जाड कापडावर मशीनची सुई मोडली होती. टोक सापडलंच नाई. मंग हाच अंगठा सुजला, आठ-दहा दिवसांत उतरला. मले वाटलं, गेली. पण थे वर गेली होती, बाबू. आता फिरून आली. मोडलेली सुई रक्तासंगं फिरते, अन् एक दिवस काळजात जाते. डॉक्टर काय करन?"

मला हसू आलं नाही. इतके दिवस हा माणूस मनातल्या मनात त्या सुईचा प्रवास मोजत बसला होता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. मामी केसपेपर काढायला गेली तेवढ्यात मामांनी आढेवेढे घेत सुईची गोष्ट त्यांनाही सांगितली. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग विचारत गेल्या. दुखणं हळूहळू वाढलं की एकदम आलं? एकदम, पहाटे, असं की चादर लागली तरी जीव जाई. याआधीही असंच? हो. ताप? नाही. दारू घेता का?

मामा काही बोलायच्या आत, नुकतीच परतलेली मामी म्हणाली, "दारू कुठची मॅडम, चहा बी बशीत थंड करून लागते यायले."

बाईंनी गुडघे, घोटे, कोपरं तपासली. मग कानाच्या कडा बोटांनी चाचपल्या, तर मामांनी सवयीनं कानामागे खोचलेली पेन्सिल खाली पडली. अंगठा दुखतो आणि ही कान काऊन पाहते, असं मामांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाईंना एका आजाराची शंका होती; तो जुना झाला की कानाच्या कडेला बारीक गाठी येतात, असं त्यांनी सांगितलं. मामांना त्या नव्हत्या. मामा रोज घेत असलेल्या ब्लडप्रेशरच्या गोळीचं पाकीट मात्र बाईंनी नीट वाचलं. "ही लघवी वाढवणारी गोळी आहे. हिच्यानं रक्तात युरिक ॲसिड साठू शकतं, आणि त्यानंच तो आजार होतो."

रक्ताच्या रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड नॉर्मल आलं. म्हणजे तो आजार नाही, असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, "ऐन दुखण्यात आकडा खाली येऊ शकतो. नुसत्या आकड्यावर मी ठरवत नाही." एक्स-रे पाहताना मामी बाहेर बाकावर होती. त्यात सुई नव्हती. लोखंड असतं तर पांढरंशुभ्र दिसलं असतं, असं त्यांनी फिल्म उजेडात धरून दाखवलं.

"मंग दुखून काऊन राह्यलं?" मामांचा विश्वास बसेना.

"सांध्यातलं थोडं पाणी काढून बघू. पू झाला असेल तर तेही कळेल."

अंगठा बधिर करून बाईंनी सिरिंजमध्ये थोडंसं गढूळ पाणी ओढलं. मामांनी डोळे मिटून माझा हात धरला होता. आम्ही बाहेर बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं बाई दारात आल्या आणि हसत म्हणाल्या, "काका, सुयाच आहेत!"

मामांचा चेहरा पांढरा पडला. "पाह्य, मी म्हणत नव्हतो?"

मामी बाकावरून ताडकन उठली. "कोणत्या सुया? काय लपवून राह्यले तुमी?"

बाईंना आपली चूक कळली. त्या घाईघाईनं मामांना आधार देत आत घेऊन गेल्या, मागोमाग आम्हीही गेलो. त्यांनी मामांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं. खास उजेडात त्या पाण्यात टोकदार, बारीक काड्या चमकत होत्या, काही पिवळ्या, काही निळ्या. "हे रक्तातलं युरिक ॲसिड. सांध्यात असं सुयांसारखं गोठतं. याला गाऊट म्हणतात. तुमच्याकडे गठिया म्हणत असतील. सूज आधी उतरवू, मग गोळीनं या सुया हळूहळू विरघळतील."

"काळजात नाई जाणार?"

"नाही काका. मशीनची सुई तुमच्या पायात कधी गेलीच नव्हती. पू झालाय असंही दिसत नाही. तरी खात्रीसाठी थोडं पाणी तपासायला ठेवलंय."

मामा बराच वेळ काचेला डोळा लावून बसले. मग धंद्याच्या आवाजात म्हणाले, "लईच बारीक हाये. अन् एकीलेही नाकं नाई. दोरा कसा ओवान?"

मामी पदर तोंडाला लावून हसली. मग तोच पदर तिनं डोळ्यांना लावला.

पू नव्हता, हेही दोन-तीन दिवसांत कळलं. फोनवर मामा "बरं हाये" एवढंच म्हणून फोन मामीला देतात. म्हणून यवतमाळला आल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. त्यांना वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात आणि आपल्या बोलीत.

"मामा, नमस्कार.

मामी सांगत होती, मशीन सुरू झाली. लय बरं वाटलं. अंगठा दुखत नाई म्हणून गोळी बंद करू नका. दुखणं गेलं तरी सुया लवकर जात नाई, असं मॅडमनं सांगतलं हाये. पाणी भरपूर पेजा.

मी तुमच्या पायाच्या आवाजावर शिकलो. इथं खोलीत लय शांत राह्यते. फोन केला की मामीले म्हणा, फोन मशीनजवळ ठेव. बोलू नका, पायडल मारत राहजा. मी आयकतो.

दिवाळीले शर्टाचं कापड घेऊन येतो. मार्जिन भरपूर ठेवजा. पोट सुटून राह्यलं. पुढच्या वर्षी तुमालेच उसवून द्या लागन, अन् त्याच्या पुढच्या वर्षी बी.

तुमचा भासा"