परिचयाची चार पानं

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात आमच्या वरच्या मजल्यावर एक क्रोएशियन बाई राहत. त्यांचे पती विद्यापीठात शिकवायचे. बाई त्यांच्या देशातल्या नावाजलेल्या पॉप गायिका होत्या, हे मला ओळख झाल्यावर बऱ्याच महिन्यांनी कळलं. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून चार वर्षं त्या लोकांसमोर गायल्या नव्हत्या. आवाज कितपत उरलाय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात गाण्याचं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "तिथं मला कोणी ओळखत नाही. दोन गाणी म्हणून बघते."

परिचयाचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेत पाहुण्यांचा परिचय द्यायला सर मलाच उभं करायचे, आणि पाहुण्यांबद्दल काही सुटलं तर तो अपमान, असं सांगायचे. मी बाईंच्या स्वयंपाकघरात बसून सगळं टिपून घेतलं. बंदराच्या गावातलं बालपण, चर्चमधलं गाणं, सोळाव्या वर्षी निघालेली कॅसेट, उन्हाळ्यात किनाऱ्यावर गावोगावी होणारे कार्यक्रम. मग युद्ध, बंद पडलेले दौरे, आणि काही वर्षांनी पुन्हा रेडिओवर आवाज. चार पानं झाली.

ती चारही मी वाचली. मग शाल, श्रीफळ, अध्यक्षांचे दोन शब्द. ते दोनावर थांबले नाहीत. कम्युनिटी क्लबचा हॉल आम्हाला पाचपर्यंतच होता. बाईंच्या हाती माइक आला आणि दारातून तिथला कर्मचारी सिंगापुरी ढंगात म्हणाला, "अंकल, टाइम अप लाह. पुढचे लोक बाहेर थांबलेत." त्याने माइक बंद केला.

"परिचय होता की प्रबंध?" बायको माझ्या कानाशी म्हणाली.

बाईंनी नारळ माझ्या हातात दिला आणि माइकशिवाय गायला सुरुवात केली. खुर्च्या उचलणारे थांबले. कर्मचाऱ्याने दार ओढून घेतलं. दुसऱ्या कडव्यात वरच्या सुरावर आवाज फाटला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, आणि तेच कडवं खालच्या पट्टीत सुरू करून त्यांनी गाणं पूर्ण केलं. दुसरं गाणं झालंच नाही.

घरी येताना बसमध्ये मी माफी मागितली. "तुमचा सगळा वेळ मीच खाल्ला."

"एका गाण्यात कळलं," त्या म्हणाल्या. "वरचे सूर गेले. खालचे आहेत."

पुढच्या आठवड्यात त्यांनी आपल्या जुन्या गिटारवाल्याला फोन केला आणि सगळी गाणी दोन पट्ट्या खाली बसवायला सांगितली.