कलदारांचा भाव आणि माझी दिवाळी

माझं सासर परभणी जिल्ह्यातलं बोरी आणि माहेर पलीकडे वऱ्हाडात, वाशिमकडे. आमच्याकडे निजामाचा हाली सिक्का चाले, माहेरी इंग्रजांचा कलदार. एक कलदार रुपया हवा तर हालीचा रुपया देऊन वर बट्टा मोजावा लागे, आणि हा बट्टा सतत खालीवर होई. तो का चढतो नि का उतरतो हे ओळखणं म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, मामंजींचा, जन्माचा छंद.

त्यांचे आडाखे चुकीचे नव्हते. दिवाळीनंतर कापूस निघाला की मुंबईकडचे व्यापारी कलदार घेऊन उतरत. शेतकऱ्याला पैसे हालीतच द्यायचे, म्हणून ते कलदार विकत आणि बट्टा उतरे. मामंजी परभणीला गेले की सरकी काढायच्या जिनाच्या फाटकाशी कापसाच्या गाड्या किती लागल्यात ते बघून येत. मग सराफाच्या पेढीवर जाऊन बसत. सराफानं आपणहून पान पुढं केलं, तर त्याच्याकडे कलदार पडून आहेत. मान वर केली नाही, तर भाव कडक. एवढ्या एका पानावरून ते सगळ्या रियासतीची तब्येत सांगत.

"घरातलं मीठ संपलेलं कळत न्हाई, अन् सरकारी खजिन्याचं सांगायलेत," माझ्या सासूबाई, आत्याबाई, चुलीपाशी पुटपुटत. मला हसू आवरत नसे.

ते हसू दिवाळीपर्यंतच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझा भाऊ मुराळी होऊन मला न्यायला आला. पण सुनेला रिकाम्या हातानं कसं धाडायचं? विहिणीला लुगडं, पोरांना खाऊ, सगळं तिकडं कलदारातच घ्यायचं. मामंजी त्याला म्हणाले, "आत्ता बट्टा लय हाय. कापूस येऊ द्या, संक्रांतीला धाडतो." भाऊ लाडू खाऊन एकटाच परत गेला. दुसऱ्या वर्षीही तेच. संक्रांतीला मामंजी मला थाटात पाठवत, पण आई विचारायची, "भाऊबीज काय संक्रांतीला करायची?" मला मामंजींचा राग यायचा. धरून ठेवता मात्र यायचा नाही, इतका भोळा माणूस.

तिसऱ्या वर्षी पाऊस लांबला. कापूस उशिरा येणार हे दिसतच होतं, आणि सराफ तर मामंजींकडे बघतही नव्हता. भाऊ आला तो ओसरीवर चपला काढता काढताच म्हणाला, "आईची नजर चालली. दिसतंय तोवर पोरीला डोळे भरून बघू द्या म्हणते."

मी दाराआड उभी होते. आता पुन्हा कापसाचंच कारण निघणार, असं मी धरूनच चालले.

मामंजी दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपून परभणीला गेले, दिवेलागणीला परतले आणि धोतराच्या सोग्यात बांधलेले कलदार त्यांनी माझ्या ओंजळीत ओतले.

"काय भाव पडला?" आत्याबाईंनी सवयीनं विचारलं.

मामंजी पाय धूत होते. ते थांबले, जरा गडबडले.

"भाव इचारायचा राहिलाच की. त्यानं दिले तेवढे घेऊन आलो."

आत्याबाईंनी गुपचूप ताट वाढलं.

त्या दिवाळीत आईनं समई जवळ ओढून, माझी हनुवटी धरून, मला पोटभर पाहिलं. पुढच्या दिवाळीलाही मामंजींनी मला वेळेवर धाडलं. तेव्हा तिनं मला हातांनी चाचपून ओळखलं.