घरात दोन माणसं

माझा मुलगा पुण्याला असतो आणि माणसं मोजायची यंत्रं बनवतो. कॅमेरा नाही, काही नाही. दोन पांढऱ्या डब्या असतात. एक इकडच्या भिंतीला, एक तिकडच्या. वायफायच्या लहरी या डबीतून त्या डबीत जातात. मधे माणूस हलला की त्या विस्कटतात, आणि किती विस्कटल्या त्यावरून खोलीत किती माणसं आहेत ते यंत्र सांगतं. दुकानं-ऑफिसांसाठी ठीक आहे. त्यानं त्या आणून माझ्या गारखेड्याच्या फ्लॅटात ठोकल्या.

"आई, तू म्हणतीस माझ्याकडं लई येणं-जाणं आहे," तो म्हणाला. "महिनाभर बघू. आकडा एकावरच राहिला तर सामान बांधायचं अन् पुण्याला यायचं."

"व्हय, बघ की!" मी म्हणाले. रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते कबूल करतं.

पुणं वाईट नाही. सून गुणाची आहे. पण हे घर आम्ही दोघांनी उभं केलं. मालक चितेगावच्या कारखान्यातून यायचे ते याच बाल्कनीत बसून बूट काढायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मला इथंच राहायचं होतं, एवढंच.

पण आकडा! पहिला आठवडा एक, एक आणि एक. एकदा तर मुलाचा घाबराघुबरा फोन, "आई, कुठं आहेस? घरात शून्य दाखवतंय!" मी देवापुढं जप करत बसले होते. हलले नाही म्हणून त्या मेल्या डबीनं मला मोडीतच काढलं.

"जिवंत आहे रे बाबा," मी म्हणाले. "तुझ्या डबीला सांग, माणूस कधी कधी गप बी बसतं."

दहाव्या दिवशी ऊन फार तापलं म्हणून दुपारी दोनला बैठकीत टेबलफॅन लावला, मान फिरवणारा, आणि सोफ्यावर या कुशीवरून त्या कुशीवर करत पडले. संध्याकाळी फोन. "आज कोण आलं होतं गं? दोन ते चार घरात दोन माणसं होती."

पंखा, असं म्हणणारच होते. तेवढ्यात खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खालच्या बाई. आता रोज येत जाईन म्हणाल्यात."

या खालच्या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्याही एकट्याच. आणि दोन वर्षांपासून आमचं बोलणं बंद! पाणी आमच्याकडं आठवड्यातून एकदा येतं. अशा एका पाण्याच्या दिवशी माझ्या हातून मोटर चालू राहिली, टाकी भरून वाहिली. जिन्यात सगळ्यांदेखत त्या मला बेपर्वा म्हणाल्या. मी त्यांना काय म्हणाले ते लिहीत नाही.

झालं. मी रोज दोनला पंखा लावू लागले. मुलगा खूश. "आज काय गप्पा झाल्या?" विचारायचा, आणि मी बाईंच्या तोंडी अशी गोड गोड वाक्यं घालायचे की त्यांनी मला ती जन्मात ऐकवली नसती. मजा यायची. एखाद्या दुपारी मात्र तो पंखा नुसता नाही-नाही म्हणून मान हलवत राहायचा आणि मला फार एकटं वाटायचं. हे मुलाला कधी सांगितलं नाही.

महिना संपायला दोन दिवस असताना मुलगा न कळवता आला. बॅग दारातच ठेवून म्हणाला, "आधी खाली जाऊन येतो. त्या मावशींना पेढे आणलेत. तुला सोबत करतात, आभार तर मानले पाहिजेत."

माझं धाबं दणाणलं. "अरे, ऐक" म्हणेपर्यंत तो अर्धा जिना उतरला. मी कठडा धरून वरूनच कान लावला. दार उघडलं. तो काहीतरी बोलला. ‘रोज दोनला’ एवढंच मला वर ऐकू आलं. बांधलं आपलं बिऱ्हाड, मी मनात म्हणाले.

आणि मग तो शाळेतला खणखणीत आवाज आला. "हो, जाते की मी रोज दोनला. चहात साखर जरा जास्त पडते तुझ्या आईची, तेवढं सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा समाधानानं परत गेला. दुपारी दोनला मी सवयीनं पंखा लावला, तोच बेल वाजली. दारात खालच्या बाई, हातात पेढ्यांचा तोच पुडा.

"मी रोज येते म्हणे," त्या म्हणाल्या. "मग चहा ठेवा."

ओट्याशी उभी राहून मी विचारलं, "खोटं कशाला बोललात हो माझ्यासाठी?"

"सकाळी सहाला वर तुमची पावलं वाजतात," त्या म्हणाल्या. "ती वाजली की मला बरं वाटतं. तुम्ही गेलात तर मी काय ऐकू?"

दोन वर्षं मी मुद्दाम पाय आपटत चालत होते. मला रडूच आलं. चहात साखर कमी घातली.

साडेतीनला फोन वाजला. "आई, आज तर तीन माणसं दाखवतंय! अजून कोण आलंय?"

मी पंख्याकडं बघितलं. बाईंनीही बघितलं. मग त्या उठल्या आणि त्यांनी बटण बंद केलं.

"ते निघाले रे आत्ताच," मी फोनवर म्हणाले. "आता आम्ही दोघीच आहोत."