बाबांच्या मनगटावरची संख्या

सकाळी साडेसातला बाबा किचनमध्ये पडले. ते निवृत्त गणित शिक्षक, पुण्याहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला आलेले. बोलताना जीभ अडखळायला लागली तशी मी ॲम्ब्युलन्स बोलावली. स्कॅनमध्ये मेंदूवर रक्त साचलेलं दिसलं आणि दहाच्या आत त्यांना ऑपरेशनला नेलं.

वेटिंग रूममध्ये माझ्या हातात फक्त ॲडमिशनचा कागद होता. त्यांच्या मनगटावरच्या पट्टीवर होता तोच नंबर त्यावर: १०२२११७. नुसतं बसवेना, म्हणून ही मूळ संख्या आहे का ते तपासायला घेतलं, त्यांनीच लहानपणी शिकवलं होतं तसं. अंकांची बेरीज चौदा, म्हणजे तीनने भाग जात नाही. मग उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट: ११७ वजा २२ अधिक १. उरले ९६. त्याला सात, अकरा, तेरा, कशानेच भाग जात नाही, म्हणजे त्या अख्ख्या संख्येलाही नाही. सतरा, एकोणीस, तेवीस... दार उघडलं की पेन थांबायचं. शंभरपर्यंत काहीच सापडलं नाही. मूळच असणार, असं मी ठरवून टाकलं.

दुपारी सर्जन म्हणाली, "ऑपरेशन नीट झालंय. मेंदू कसा काम करतोय ते आता हळूहळू कळेल."

दुसऱ्या दिवशी नर्सने महिना विचारला. मी बाबांना तोच प्रश्न मराठीत विचारला.

"डिसेंबर," बाबा म्हणाले.

जुलै चालू होता. "बाहेर थंडी आहे, म्हणून म्हणाले असतील," मी घाईघाईने म्हटलं. "नो वरीज," ती म्हणाली, पण लिहिलेलं खोडलं नाही.

तिसऱ्या दिवशीही डिसेंबरच. नर्स गेल्यावर मी त्यांचा हात उचलून पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"बाबा, ही मूळ आहे ना?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

"नाही." आवाज जड होता. "हजार अकराचा वर्ग किती?"

मी मोबाइलवर केला. १०२२१२१.

"त्यातून चार वजा कर. चार म्हणजे दोनाचा वर्ग. मग?"

दोन वर्गांची वजाबाकी! "एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा," मी म्हणाले.

"दोन्ही मूळ. म्हणजे ही संयुक्त. तू खालून सुरुवात केलीस ना? आधी वर्गमुळाच्या आसपास बघायचं."

मी इतकी रडले की नर्स धावत आली.

महिना जुळायला अजून चार दिवस लागले. अकराव्या दिवशी त्यांना घरी आणलं तेव्हा त्या गणिताचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. मी सांगितलं तर कागद मागितला, परक्या मुलाची वही तपासावी तसं तपासलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे. कोणी सोडवलं?"

डावा हात अजून कमजोर आहे. तरी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत एकटाच चालायला जातो, म्हणतात. मी गेटपाशी उभी राहते, ते वळून परत दिसेपर्यंत.