मशीनमावशीचा नेम

मशीनमावशीच्या हातातला चहा आधी बशीत सांडायचा, मग साडीवर. त्याच हातांनी ती मोबाइलवरच्या गेममध्ये लांबच्या खिडकीतल्या शत्रूवर अख्खं मॅगझिन रिकामं करायची आणि एकही गोळी खिडकीबाहेर जात नसे. घोडपदेवच्या आमच्या चाळीतली पोरं हे बघायला तिच्या दारात उभी राहत.

हे नाव तिला शिलाई मशीनमुळे पडलं. अर्ध्या चाळीचे ब्लाउज तिनेच शिवले. मग कंपवात आला, सुईत दोरा जाईना, मशीनवर चादर पडली. दवाखान्यात नंबर येईपर्यंत वेळ जावा म्हणून हा गेम मीच तिला दाखवला. मी लोअर परळला गेम बनवणाऱ्या कंपनीत कामाला आहे. हा गेम आमचाच.

मावशीने बंदूक शिलाईसारखी शिकून घेतली. गोळ्या सुटल्या की गेममधली बंदूक उसळते आणि नेम हलतो. पण तेव्हा प्रत्येक बंदुकीची उसळी ठरलेली होती: आधी सरळ वर, मग डावीकडे, मग उजवीकडे झोल. बोट तितकंच उलट ओढलं की गोळ्या एका जागी बसत. "मशीन कापड ओढतं ना, तसंच हे," ती म्हणायची. "कुठं ओढणार ते कळलं की हात आधीच तयार ठेवायचा." उशीवर मनगट टेकून ती दुपारभर तेच गिरवायची. थरथर असायचीच, पण ती ओढ इतकी पाठ होती की थरथर तिच्यात जिरून जायची.

पळताना मारलं की नेम विस्कटतो, खाली बसून मारलं की सुधारतो, हेही तिने लगेच हेरलं. मग माइकवरून टीममधल्या अनोळखी पोरांना दम भरायची, "बाळा, पळता पळता काय उधळतोस? बस जरा खाली, मग मार!" कुठल्या कुठल्या गावची पोरं "हां आंटी" म्हणून खरंच बसायची.

पुढे नव्या खेळाडूंच्या तक्रारी आल्या. जुन्यांना उसळी पाठ आहे, काहीजण तर चोरट्या प्रोग्रॅमकडून ती ओढ करून घेतात, आमचा टिकाव लागत नाही. शेवटी ठरलं, उसळी दर वेळी वेगळी करायची, कुणालाच पाठ होणार नाही अशी. बंदुकांचं काम माझ्याकडे होतं, बदल मीच केला. करताना मावशी डोळ्यांसमोर आली होती. कारण पटण्यासारखं होतं, मी ते स्वतःला पटवून घेतलं. तिला सांगायचं मात्र टाळलं.

कामाच्या धबडग्यातून उसंत मिळाल्यावर तिच्याकडे गेले, तर ती खाटेची कड धरून बसली होती.

"चक्कर येते गं. डॉक्टरांनी औषध वाढवलंय. मीच सांगितलं त्यांना, हात फार बिघडला म्हणून. बोट बरोबर ओढते, तरी गोळ्या भलतीकडेच जातात."

मी तिच्या शेजारी बसले. "मावशी, हात नाही बिघडला. बंदूक बदललीय. मीच बदललीय."

मी शिव्यांची वाट बघत होते. तिने दोन्ही हात समोर धरून पाहिले.

"म्हणजे हात होता तसाच आहे?"

"तसाच आहे."

"शप्पथ?"

"शप्पथ, मावशी."

ती हसली. इतकी मनापासून हसली की मला तिच्याकडे बघवेना. "अगं, मग आधी नाही का सांगायचं! मी घाबरून गेले होते," एवढंच म्हणाली.

मीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. औषध पुन्हा कमी झालं, चक्कर थांबली. गेम तिने मोबाइलवरून काढून टाकला. "आता त्यात शिकण्यासारखं काही उरलं नाही," म्हणाली, तेही रागाने नाही. ऑफिसात त्या बदलाचं कौतुक झालं आणि टाळ्या वाजल्या तेव्हा मी मान खाली घालून बसले होते.

हल्ली दुपारी तिच्याकडे गेले की ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. माझा आवाज ऐकला की "आलीस?" म्हणते, आणि खाटेवर सरकून मला बसायला जागा करून देते.